हडळीचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या वार्षिकांकासाठी मी एक कथा दिली होती. ती परत आली. संपादक मंडळातील सरांनी बोलावून नीट समजावून सांगितले, रागावले नाहीत. म्हणाले, "भाषा बरी आहे, पण विषय भुताखेतांचा. आपल्याकडे खेड्यापाड्यांतली मुले येतात. त्यांना ज्या अंधारातून बाहेर काढायचे, तोच अंधार आपण अंकात छापायचा, हे कसे जमावे?" मी 'हो सर' म्हणून बाहेर आले आणि वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले. यंदा सरांनीच सुचवले, कथा नाही तर नाही, तुझे जे म्हणणे आहे ते लेख म्हणून लिही. म्हणून हा लेख. सरांचे निम्मे म्हणणे मला पटते, निम्मे पटत नाही. कथा परत आली ते कारण मला अजूनही चुकीचे वाटते. पण ती परत यायला हवी होती, एवढे मात्र आता कळले आहे. ते कसे, ते ओघाने येईलच.

आधी कथा सांगते. एक सून असते. सासरचे तिला छळतात आणि एका रात्री विहिरीत ढकलतात. गावात सांगतात, पाय घसरला. मग दर अमावास्येला ती परत येते. ओले केस, उलटी पावले, सगळे आले. आधी दीर जातो, मग सासरा, मग नवरा. घरात पुरुषाचे नाव म्हणून उरत नाही, आणि विहिरीचे पाणी शांत होते. पाणी शांत होण्याच्या त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. मैत्रिणींना ते मी दोनदा वाचून दाखवले होते.

आमच्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि भिंतीवरचे कॅलेंडर. वडील गवंड्याच्या हाताखाली जातात, आई मिळेल त्या शेतात. महाविद्यालयाची पायरी आमच्यात मीच पहिली चढले. तेव्हा माझे वाङ्मय म्हणजे आजी. आणि आजीचे वाङ्मय म्हणजे निम्मी देवाची गाणी व निम्मी भुते. आमच्या माणदेशी गावाचा नकाशा मी तिच्याकडून शिकले तो असा : ओढ्याच्या डोहात गिर्‍हा, शाळेमागच्या पिंपळावर मुंजा, जुन्या बारवेत साती आसरा, आणि माळावरच्या वाटेवर चकवा, जो माणसाला रात्रभर त्याच त्या बांधाभोवती फिरवतो. तिचा एक नियम फार कडक होता. रात्री बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली तरच माणूस समजायचे, कारण भूत तिसरी हाक मारत नाही. आजही वसतिगृहात रात्री कुणी दार वाजवले की माझा हात कडीकडे तिसऱ्या वेळी जातो. मैत्रिणी हसतात.

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात मला एक जुने इंग्रजी पुस्तक सापडले. कोकणातील लोकसमजुतींच्या टिपणांचे ते पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. टिपणे ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली, संपादन एन्थोवेन यांचे. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. इतिहासाच्या तासाला आपण गोळ्यांपर्यंत येऊन थांबतो. त्याच माणसाच्या कागदांत आपल्या हडळी आणि मुंजे जमा होते, हे मला ठाऊक नव्हते. पुस्तकातली माहिती पुष्कळशी गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली आहे. मास्तर लोक भुतांची नावे लिहून सरकारला धाडत होते, या कल्पनेने मला हसू आले. शब्दकोश शेजारी ठेवून मी तो भाग वाचला, पंधरा दिवस लागले.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि हसू गेले. त्या यादीत भूत कुणाचे होते ते पाहा. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मेला तो मुंजा. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध. अमक्या जातीचा मेला तर अमुक भूत, तमक्या जातीचा मेला तर तमुक. म्हणजे पुरुष मेल्यावर भुतांतही जात घेऊनच जातो. आणि बाई? नवरा जिवंत असताना मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात मेली तर अलवंत किंवा हडळ. तिला तिथेही विचारले जाते ते नवरा आहे का आणि मूल झाले का. मी पुस्तक मिटून आजीचा विचार करत बसले. तिला हे सगळे प्रकार तोंडपाठ होते. तिने मला ते भीतीसाठी सांगितले असे मी समजत होते. पण यादी म्हणून वाचले तर ती भीतीची यादी वाटत नाही. कोण कोण अवेळी मेले, आणि कुणाच्या मरणाने गावाचे मन खायला उठले, त्याची ती नोंदवही आहे. पोलीस पाटलाच्या वहीत 'पाय घसरून' असे लिहून जी बाई संपते, ती या दुसऱ्या वहीत शिल्लक राहते. तिला 'हडळ' म्हणून का होईना, गाव विसरत नाही.

एवढ्यासाठी मला भूतकथा लिहावीशी वाटते. सरांच्या म्हणण्याला माझे पहिले उत्तर हेच.

राक्षसांचेही असेच आहे. आपण राक्षस म्हटले की दात आणि शिंगे काढतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त राक्षस म्हणजे रक्षण करणारे, असा अर्थ लावला; बळीराजा, खंडोबा, म्हसोबा हे इथल्या मुलखाचे जुने अधिकारी, असे मांडले. भाषाशास्त्राचा अभ्यासक त्या व्युत्पत्त्या मानणार नाही, हे मला वर्गात सांगण्यात आले आहे. पण प्रश्न व्युत्पत्तीचा नाही. ज्याला मारले त्याची गोष्ट मारणाऱ्याने सांगितली, हे फुल्यांचे मुख्य म्हणणे आहे. पुढे दामोदर धर्मानंद कोसंबी पुणे भागातल्या म्हसोबांच्या मागे पायी हिंडले. म्हसोबा म्हणजे महिषासुर, ज्याला देवीने पायाखाली घेतला तोच, हे त्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. आणि गंमत अशी की वीर गावात या म्हस्कोबाचे जोगुबाईशी दरवर्षी लग्न लागते. म्हणजे एका कथेत देवी ज्याचा गळा चिरते, दुसरीकडे तिचे त्याच्याशी लग्न! आमच्याच घरी पाहा. कुलदैवत तुळजापूरची भवानी. नवरात्रात तिच्या पायाखालच्या रेड्यासकट आम्ही तिला हात जोडतो. आणि शेताच्या बांधावर, म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या, कारण आमचे शेत नाही, शेंदूर लावलेला म्हसोबा. त्यालाही आजी नारळ फोडते. मी विचारले, दोघांचे भांडण ना? आजी म्हणाली, "त्येंचं त्येंनी मिटीवलंय. आपून कशाला उकरायचं?"

जेजुरीलाही तेच. मल्ल आणि मणी हे दैत्य खंडोबाने मारले, पण मणी शेवटी शरण आला म्हणून त्याला देवाजवळ जागा मिळाली. मारलेल्याला जागा द्यायची, नाहीतर तो परत येतो, ही समज आपल्याकडे फार जुनी दिसते. आपल्याकडेच नव्हे. जपानात मिचिझाने नावाचा एक विद्वान दरबारी होता. कारस्थानाने त्याला दूर पाठवले, तिकडेच ९०३ साली तो वारला. मग राजधानीत वीज पडली, माणसे मेली, आणि हा त्याच्या आत्म्याचा सूड असे सगळ्यांना वाटले. शेवटी त्याला देव करून देऊळ बांधले. आज तिथली मुले परीक्षेच्या आधी त्याच देवाला जातात! आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने कुणावर असा अन्याय केला असेल तर त्याचे देऊळ निघायला हरकत नाही. मी पहिली जाईन.

असो. आता मराठी भयकथेकडे वळते. वसतिगृहात नारायण धारपांची पुस्तके एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात, तेव्हा त्यांची पाने सुटलेली असतात. याहून मोठा पुरस्कार कोणता? धारप २००८ साली गेले. त्यांची पुस्तके मीही रात्री पांघरुणात मोबाइलच्या उजेडात वाचली आहेत. त्यांचे समर्थ आले की मला हायसे वाटते, आणि तिथेच माझी तक्रार सुरू होते. वाईट शक्ती बाहेरून कुठून तरी येते, तिच्याहून मोठी चांगली शक्ती येऊन तिला घालवते, घर पुन्हा जागच्या जागी. अशा कथेत ते घर मुळात चांगले आहे हे आपण न विचारताच धरून चालतो. धारपांना ही पुरती कल्पना असावी. कारण त्यांच्या 'आजी' या कथेचा धागा घेऊन राही अनिल बर्वे यांनी २०१८ साली 'तुंबाड' काढला, त्यात भूत तळघरात असले तरी खरे भय हव्यासाचे, आणि तो हव्यास बापाकडून मुलाकडे जाताना दिसतो. (त्या चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेले आहे, गोष्टीचा मात्र तिच्याशी संबंध नाही. आमच्या वर्गात यावरून पैज लागली होती, म्हणून सांगितले.)

रत्नाकर मतकरींचे मला जास्त पटते. त्यांनी आपल्या कथांना गूढकथा म्हटले. त्यांच्याकडे वाईट बाहेरून येत नाही. ते आधीपासून त्याच घरात, त्याच ताटावर जेवत असते. २०२० मध्ये ते गेले तेव्हा मी शाळेत होते, मला फक्त 'अलबत्या गलबत्या' ठाऊक होते. त्यातली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि पुढे वैभव मांगले यांनी केली, आणि पोरे तिला बघून हसून लोळतात. गूढकथा आणि बालनाट्य लिहिणाऱ्या याच लेखकाने 'लोककथा ७८' हे खेड्यातल्या अत्याचाराचे नाटकही लिहिले आहे. त्यात एकही भूत नाही. मला ते वाचताना त्यांच्या कुठल्याही भूतकथेपेक्षा जास्त भीती वाटली. हे सगळे एकाच हाताने लिहिले, यावरून भयकथा हे हलके वाङ्मय म्हणणाऱ्यांनी काय ते समजावे. मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतले ते १८१६ साली, तेव्हा ती १८ वर्षांची होती. ते आपल्याला अभ्यासक्रमात चालते, कारण ते इंग्रजीत आहे.

सरांचा मुख्य आक्षेप मात्र असा झटकता येणार नाही. अंधश्रद्धा. १३ वर्षांची असताना मला ताप उतरेना, तेव्हा आजीने भगताला बोलावले होते. त्याने लिंबू कापले, धूर केला, डोळे मिटले आणि सांगितले की 'पूर्वेकडच्या दाराची एक बाई' नडते आहे. पूर्वेकडे एकच दार होते. तिथे एकटी राहणारी म्हातारी होती. त्या दिवसापासून आमच्या आळीतल्या बायका तिच्याकडून ताक घेईनाशा झाल्या. माझा ताप पुढे दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतरला, पण त्या म्हातारीचे ताक पुन्हा कुणी घेतले नाही. तिकडे सातपुड्यात तर डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर घालवतात, जीवही घेतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी उभे आयुष्य घातले तो त्यांचा खून झाल्यावर २०१३ साली आला. कुणा माणसाला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे मुश्कील करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी या कायद्याच्या बाजूची आहे. ज्या दिवशी त्या म्हातारीकडे पाहून मी वाट बदलली, त्या दिवसाची मला लाज वाटते.

मग मी भूतकथा कशी लिहिते? पुष्कळ दिवस माझे उत्तर तयार होते : भगत जिवंत बाईकडे बोट दाखवतो, कथा मेलेल्या बाईकडे. भगत म्हणतो हे खरे आहे, कथा म्हणते ही गोष्ट आहे. भगताला कोंबडे मिळते, मला काही मिळत नाही, कथासुद्धा परत येते. वादविवाद स्पर्धेत हे उत्तर टाळ्या घेईल. पण विचार केला तेव्हा वाटले, भगतही आमच्यासारखाच कथाकार आहे आणि आमच्यापेक्षा हुशार आहे. घरातल्या माणसांना काय ऐकायला आवडेल ते त्याला बरोबर कळते. दोष घरात नाही, पलीकडच्या दारात आहे, एवढेच त्याला सांगायचे असते. ते ऐकायला माणसे पैसे देतात. आणि माझी कथा? तिनेही हेच केले होते. हे मला सरांनी सांगितले नाही, टीकाग्रंथानेही नाही. आजीने सांगितले.

सुडाचीही गोष्ट इथेच सांगते. भूतकथेत सूड असतो कारण वाचकाला तो हवा असतो. खटला चालत नाही, साक्ष कुणी देत नाही, तेव्हा मेलेलीनेच उठावे आणि फिटंफाट करावी. मलाही तसेच वाटे. पण आपल्याकडे सुडाची सगळ्यात मोठी रात्र महाभारतात आहे, सौप्तिक पर्वात. द्रोणांना खोटे सांगून शस्त्र खाली ठेवायला लावले, त्याचा सूड म्हणून अश्वत्थामा रात्री छावणीत शिरला. घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारते हे बघून त्याला ती युक्ती सुचली. ज्याने आपल्या बापाचे डोके उडवले त्या धृष्टद्युम्नाला त्याने मारले, ते एक वेळ समजून घेऊ. पण खोटे बोलणारा धर्मराज त्या रात्री छावणीत नव्हताच. मेली ती द्रौपदीची पाच पोरे. मग अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी गेला आणि तो भळभळती जखम घेऊन फिरतो आहे, दारोदार तेल मागतो आहे, असे आजी सांगे. तेल द्यावे की नाही, असे मी विचारी. ती म्हणे, "द्यावं. पर पोरं आत घिऊन मग द्यावं." या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

माझ्या कथेतली सून मी मनाने रचली नव्हती. ती माझी आत्या. माझ्या जन्माच्या आधी, दोन कोसांवरच्या तिच्या सासरच्या गावी, ती विहिरीत सापडली. पडली, उडी घेतली की ढकलली, हे त्या घराला आणि त्या विहिरीलाच ठाऊक. कागदावर पाय घसरला. गावात आसरांनी ओढली. आजी वर्षातून एकदा चालत जाते आणि त्या विहिरीच्या काठावर हिरव्या बांगड्या आणि चोळीचा खण ठेवून येते. आसरांना, असे ती म्हणते. मी लहानपणी तिच्याबरोबर जायची, मला वाटे देवीला बांगड्या आवडतात.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी ती परत आलेली कथा घरी वाचून दाखवली. खरे सांगायचे तर सरांचा राग घरी काढत होते. निदान घरच्यांनी तरी वाहवा करावी. गावाचे, माणसांचे नाव बदलले होते. आजी ओसरीवर शेंगा फोडत होती, आई चुलीपाशी, वडील भिंतीला टेकून. दुसऱ्या पानावर आजीचे हात थांबले. मला वाटले रंगली. मी आणखी आवाज लावून वाचले. दीर गेला, सासरा गेला, नवरा गेला. पाणी शांत झाले. वही मिटली.

कुणी काही बोलेना. मग आजी म्हणाली, "लई ग्वाड वाचतीस." आणि थोड्या वेळाने, "आन् तिचं प्वार?"

"कुणाचं?"

"अगं तिचं. दोन वर्साचं हुतं न्हवं. घरात बाप्या उरला न्हाई म्हनतीस, मंग त्येला बी बुडीवला का तिनं?"

माझ्या कथेत मूल नव्हते. मी ते घेतलेच नव्हते, कारण सूड घ्यायला निघालेल्या बाईच्या काखेत मूल मला अडचणीचे झाले असते. आणि ते मूल म्हणजे माझा आतेभाऊ, आमचा दादा. टेम्पो चालवतो. तो दर भाऊबीजेला मामाकडे म्हणून आमच्याकडे येतो, माझ्या आईच्या हातचे जेवतो. चार दिवसांपूर्वीच मी त्याला ओवाळले होते. ओवाळणीचे ५०० रुपये माझ्या त्याच वहीत ठेवलेले होते. आणि त्या वहीत मी त्याचे घर त्याच्यासकट बुडवून 'पाणी शांत झाले' असे लिहिले होते.

आजी पुढे म्हणाली, "ती आली आस्ती ना, तर आदी त्येच्याकडं गेली आस्ती. थंडीचं पांघरून घातलं आस्तं त्येच्या अंगावर. मानसं मारीत कशाला फिरंल?" मग शेंगा पुढे सारल्या. "आन् मारायचंच हुतं तर मला मारावं. आली हुती ती. पंदरा दिस आदी, दिवं लागायच्या टायमाला. न्हाई नांदायचं म्हनली. म्याच माघारी धाडली."

वडील उठून बाहेर गेले. आई चुलीत फुंकत राहिली, जाळ चांगला पेटलेला होता तरी.

माझ्या कथेत माहेर फक्त रडत होते. शेवटच्या पानावर आई छाती पिटते, एवढेच तिचे काम. मी बेदरकारपणे भूत पाठवले ते पलीकडच्या दारांत, ज्यांच्याशी माझे काही देणेघेणे नाही. भगतानेही हेच केले होते, पूर्वेकडचे दार. माझ्या हडळीने हिशेब चुकता केला असे मला वाटत होते, पण आमच्या घराचा आकडा मी हिशेबात धरलाच नव्हता. ज्या अंकाने ती कथा नाकारली त्याचे मला या कारणासाठी आभार मानायला हवेत. आणि सर, तरीही अंधश्रद्धेचे कारण मला पटत नाही. माझ्या कथेत भूत होते हा तिचा दोष नव्हता. भूत सोयीचे होते, हा होता.

तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या भूतकथाही याच नजरेने वाचते, आणि वाचनातली मजा थोडी कमी झाली आहे हे कबूल करते. हिंदी चित्रपटांतली चेटकीण शेवटी मूठभर भस्म होते तेव्हा तिला मुळात कुणी मारले होते ते कुणालाच आठवत नाही. मित्रमंडळी म्हणतात, तू आता भिण्याऐवजी चौकशी करतेस. आमच्या वर्गातल्या दोघांनी कथा लिहायला घेतल्या आहेत, एकात वाड्यातला खवीस आहे आणि दुसऱ्यात सूड घेणारी नर्तकी. मी दोघांनाही विचारले, मेल्यावर ती पहिल्यांदा कुणाकडे जाईल? एकाने सांगितले, "तसा विचार केला नाही, पहिला बळी सहाव्या पानावर पाहिजे." त्याची कथा या अंकात घेतील का माहीत नाही, पण त्याला ती भरभर सुचते आहे. मला सुचत नाही.

मी माझी कथा पुन्हा लिहायला घेतली आहे. आजीला विचारले. ती म्हणाली, "लिव. पर माझं बी लिव." वडिलांना विचारण्याचे धाडस झाले नाही. आता कथेत ती सासरी जातच नाही. दिवे लागणीनंतर माहेरच्या दाराशी येते आणि हाक मारते, "आये." आत म्हातारी जागी असते. पहिल्या हाकेला ती ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. भूत तिसरी हाक मारत नाही, हे तिला माहीत आहे, म्हणून ती अंधारात कान देऊन बसते. इथपर्यंत लिहून झाले आहे. तिसरी हाक येऊ द्यावी की नाही, हे मला महिनाभर ठरवता आलेले नाही. आली तर दार उघडावे लागेल. न आली तर म्हातारी जन्मभर मनाशी म्हणत राहील की ते भूतच होते.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. टेम्पो कुठल्या तरी घाटात थांबला होता, मागून गाड्यांचे आवाज येत होते. म्हणाला, "आजी म्हणत होती, तू माझ्या आईवर काहीतरी लिहिलंयस. मला तिचा फोटोसुद्धा नाही गं. यात्रेला येतो तेव्हा वाचून दाखव." मी हो म्हणाले.

यात्रा चैत्रात आहे.